मोंढ्यातल्या सर्व्हरवर ऑफिस: एकच कॉपी बारा जणांना का चालत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरला डाळ मिल आणि मुख्य ऑफिस. उदगीर, अहमदपूर आणि निलंग्याला खरेदी केंद्रं. लातूरच्या ऑफिसात एक विंडोज सर्व्हर, त्यावर हिशोबाचं टॅली, आणि सगळे मिळून बारा जण रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपल्या संगणकावर सर्व्हरची खिडकी उघडून, त्याच सर्व्हरवर येऊन काम करतात. केंद्रांवरचे संगणक जुने आहेत, म्हणून वर्ड, एक्सेल आणि आउटलुकही सर्व्हरवरच टाकायचं ठरलं. दुकानदाराने 'ऑफिस होम अँड बिझनेस'चा एक डबा दिला. सर्व्हरवर टाकला, तर टर्मिनल सर्व्हिसेस (रिमोट डेस्कटॉपच्या सोयीचं जुनं नाव) चालू असलेल्या संगणकावर ही कॉपी वापरता येणार नाही, असा निरोप येतो. यावर उपाय काय, आणि ऑफिस नीट टाकायचं कसं?

पहिलं उत्तर लगेच देतो. तुमच्या इन्स्टॉलेशनमध्ये काही बिघडलेलं नाही. डब्यातून किंवा ऑनलाइन एकेकट्याने विकलं जाणारं ऑफिस, म्हणजे होम, होम अँड बिझनेस वगैरे, एका माणसाच्या एका संगणकासाठी असतं. सर्व्हरवर 'रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट' हा रोल, म्हणजे अनेकांना एकाच वेळी आत घेण्याची सोय, चालू आहे हे दिसलं की ते उघडायलाच नकार देतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, काहीतरी बदलून ते चालवून दाखवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्या वाटेने जाऊ नका. पुढच्या अपडेटला गाडं पुन्हा अडतं, आणि तपासणी झाली तर हातात दाखवायला काही नसतं. घेतलेला डबा मात्र वाया गेलेला नाही. तो मालकांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा मिलमधल्या एखाद्या संगणकावर टाका, तिथे तो बिनबोभाट चालेल.

आता मुद्द्याचं. सर्व्हरवर ऑफिस टाकायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि ते काम कुणीही करू शकतं. अडचण त्याच्या आधीच्या दोन गोष्टींत असते: लायसन्स कुणाच्या नावावर आहे आणि सर्व्हरवर लॉगिन कोण कोणत्या नावाने करतं. या दोन गोष्टी कागदावर लिहून झाल्याशिवाय सेटअपला हात लावू नये. मोंढ्यात आणि एमआयडीसीत जिथे जिथे सर्व्हर बघायला बोलावणं आलं, तिथे घोळ नेहमी या दोनपैकीच एकात निघाला.

लायसन्सच्या बाबतीत लोक तीन वेगळ्या गोष्टी एकच समजतात. एक, विंडोज सर्व्हर आणि त्याची साधी 'कॅल', म्हणजे त्या सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा यंत्राचा परवाना. दुसरी, रिमोट डेस्कटॉपची वेगळी कॅल. आणि तिसरं, ऑफिसचं लायसन्स. पहिलं असलं म्हणजे दुसरं असतं असं नाही, आणि दुसरं असलं म्हणजे तिसरं तर नाहीच.

रिमोट डेस्कटॉपचा रोल टाकल्यावर पहिले १२० दिवस कॅल नसतानाही सगळं सुरळीत चालतं. हीच पंचाईत आहे. सर्व्हर दिवाळीच्या आधी लावला, सोयाबीनची आवक जोरात असताना सगळे खूश. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, वर्षअखेरीच्या ऐन गर्दीत, एका सकाळी कुणालाच आत जाता येत नाही. तुमचा सर्व्हर नवीन असेल तर आजच सर्व्हरमधलं लायसन्सिंग डायग्नोझर हे टूल उघडून किती दिवस उरलेत ते पाहा.

आणखी एक खाचखळगा. आपल्याकडे छोट्या ऑफिसांत डोमेन, म्हणजे सगळ्यांची नावं-पासवर्ड एका जागी सांभाळणारी व्यवस्था, नसतं; सर्व्हर नुसता वर्कग्रुपमध्ये, म्हणजे सुटा असतो. अशा ठिकाणी माणसागणिक असणारी 'पर युजर' कॅल घातली, तर विंडोज सर्व्हर २०१९ पासून पुढे दर सेशनला, म्हणजे माणसाच्या सर्व्हरवरच्या बैठकीला, ६० मिनिटांत तोडण्याची सूचना येते आणि खरोखर तोडलं जातं. माणसं समजतात नेट गेलं. वर्कग्रुपच ठेवायचा असेल तर यंत्रागणिक असणारी 'पर डिव्हाइस' कॅल घ्या. माझा सल्ला मात्र डोमेन करण्याचा आहे. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका लायसन्सवर, यंत्राच्या प्रोसेसरचे सगळे कोअर मोजून घेतलेले असतील तर, दोन आभासी सर्व्हर चालवता येतात. एकावर डोमेन सांभाळणारा 'डोमेन कंट्रोलर' आणि दुसऱ्यावर सेशन होस्ट ठेवा. यंत्र तेच, जादा लायसन्स लागत नाही, आणि बाराजणांचं टॅली-एक्सेल ज्या यंत्रावर चालतं त्याच यंत्रावर सगळ्यांचे पासवर्ड ठेवण्याचा धोकाही टळतो. कॅल घेताना सर्व्हरची आवृत्ती जुळते का तेवढं पाहा. नव्या आवृत्तीची कॅल जुन्या सर्व्हरला चालते, उलटं चालत नाही.

आता ऑफिस. सामायिक सर्व्हरसाठी सरळ रस्ते दोनच आहेत.

पहिला रस्ता मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वर्गणीचा. यात 'शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन' नावाची सोय आहे: ऑफिस सर्व्हरवर एकदाच टाकायचं, आणि जो माणूस ते उघडेल त्याने आपल्या खात्याने साइन-इन केलं की त्याच्यापुरतं ते चालू होतं. पण ही सोय प्रत्येक प्लॅनमध्ये नाही. छोट्या धंद्यांसाठीच्या प्लॅनमध्ये ती फक्त 'बिझनेस प्रीमियम'मध्ये आहे. 'बिझनेस स्टँडर्ड'मध्ये एक्सेल-वर्ड मिळतं, पाच संगणकांवर टाकताही येतं, पण सामायिक सर्व्हरवर नाही. विकणाऱ्यांपैकी निम्म्यांना हा फरक माहीत नसतो, आणि उरलेले स्वस्त दिसतं म्हणून स्टँडर्ड गळ्यात मारतात. कोटेशनवर प्लॅनचं पूर्ण नाव लिहून मागा. मोठ्यांसाठीच्या 'ॲप्स फॉर एंटरप्राइझ', 'ई३', 'ई५' यांतही सोय आहे, पण बारा जणांना त्याची गरज नाही.

दुसरा रस्ता व्हॉल्यूम लायसन्सचा, म्हणजे एकदाच पैसे भरून घ्यायचं 'ऑफिस एलटीएससी २०२४'. ऐकायला बरं वाटतं: वर्गणी नाही, एकदाच खर्च, सर्व्हरवर एक की घातली की झालं. इथेच हिशोब चुकतो. हे लायसन्स माणसाला नसतं, यंत्राला असतं. आणि यंत्र म्हणजे तुमचा सर्व्हर नव्हे, ज्या यंत्रावरून माणूस सर्व्हरवर येतो ते. तुमच्या बाराजणांचाच हिशोब मांडू. लातूरला हिशोबाचे तिघे, माल पाठवणीचा एक, तीन केंद्रांवर दोन-दोन असे सहा, आणि मालक व त्यांचे बंधू. ऑफिसातले आणि केंद्रांवरचे संगणक झाले दहा. मालक घरून लॅपटॉपवर बघतात, मिलमध्ये टॅबवर बघतात, बंधूंचंही तसंच. झाली चौदा यंत्रं. म्हणजे चौदा लायसन्स, सर्व्हरवर एक्सेल दिसतं एकच. संगणक बदलला तर लायसन्स नव्यावर नेता येतं, पण ९० दिवसांच्या आत पुन्हा हलवता येत नाही. एलटीएससी २०२४ ला मायक्रोसॉफ्टचा आधार (सपोर्ट) ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे, खर्च वर्षांवर भागताना तेही धरा.

माणसं जास्त आणि यंत्रं कमी असतील, जसं तीन पाळ्यांत एकाच संगणकावर बसणारे कारखान्यातले लोक, तर हा दुसरा रस्ता स्वस्त पडतो. वाळूजच्या एखाद्या कारखान्याच्या स्टोअरला मी तोच सांगेन. तुमच्याकडे उलट आहे, माणसांपेक्षा यंत्रं जास्त. तुम्ही वर्गणीचाच रस्ता धरा.

पण बाराच्या बारा जणांना नको. हे विकणारा सांगणार नाही म्हणून मी सांगतो. केंद्रांवरच्या सहाजणांचं एक्सेल म्हणजे काय असतं? सकाळी तूर-सोयाबीन-हरभऱ्याचे भाव बघायचे आणि संध्याकाळी आवक किती कट्टे, ओलावा किती, ते भरायचं. यासाठी सर्व्हरवरचं पूर्ण एक्सेल लागत नाही. त्यांना 'बिझनेस बेसिक' द्या, त्यात ब्राउझरमधलं एक्सेल आणि कंपनीचा ईमेल मिळतो. भावपत्रक शेअरपॉइंटवर, म्हणजे ३६५ च्या ऑनलाइन सामायिक जागेत, ठेवलं की तिन्ही केंद्रांवरून एकाच वेळी भरता येतं. तीच फाईल सर्व्हरच्या साध्या फोल्डरमध्ये ठेवली असती, तर उदगीरवाल्याने उघडून ठेवली की निलंग्याला ती नुसती वाचायला मिळाली असती, आणि रोज संध्याकाळी 'फाईल बंद करा हो' असे फोन झाले असते. एकाच कंपनीच्या खात्यात काहींना बेसिक आणि काहींना प्रीमियम देता येतं. हिशोबाचे तिघे, मालक, बंधू आणि पाठवणीचा एक, अशा सहाजणांना प्रीमियम पुरे.

पत्रं टाइप करणं आणि साध्या याद्या एवढंच काम असेल तर सर्व्हरवर लिब्रेऑफिस टाकायलाही काही हरकत नाही. ते फुकट आहे, टर्मिनल सर्व्हरवर किती जणांनी वापरावं यावर बंधन नाही, आणि मराठी युनिकोड व्यवस्थित चालतं. फक्त ज्यांच्या फाईलींत मॅक्रो किंवा पिव्होट टेबलांचं जाळं आहे त्यांना तिकडे ढकलू नका. आणि एकाच सर्व्हरवर दोन्ही ठेवलीत, तर प्रीमियम नसलेल्यांच्या लॉगिनमध्ये एक्सेल फाईल डीफॉल्टने लिब्रेऑफिसमध्येच उघडेल असं लावून द्या. नाहीतर तो डबल-क्लिक करणार, समोर साइन-इनची खिडकी येणार, आणि तो तुम्हाला फोन करणार.

बाजारात चारपाचशे रुपयांत मिळणाऱ्या 'लाइफटाइम की'बद्दल एवढंच: त्या बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तरी व्हॉल्यूम लायसन्समधून पळवलेल्या असतात. ब्लॉक झाली की सगळ्यांचं ऑफिस एकदम लाल पट्टी दाखवतं. तसंच साध्या विंडोज ११ प्रो वर 'रॅपर', म्हणजे एकाच माणसाची मर्यादा तोडणारा प्रोग्रॅम, टाकून चार-पाच जणांना घुसवणं. प्रो वर एका वेळी एकच सेशन अधिकृत आहे, आणि रॅपर प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर मोडतो.

सर्व्हरची आवृत्तीही बघून घ्या. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची ॲप्स विंडोज सर्व्हर २०१६ आणि २०१९ वर चालवण्याचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. सर्व्हर २०२२ वर तो ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, सर्व्हर २०२५ वर २०२९ पर्यंत. आधार संपला म्हणजे दुसऱ्या दिवशी ॲप बंद पडतं असं नाही, पण नवीन यंत्र घेत असाल तर सर्व्हर २०२५ च घ्या. ऑफिस २०१६ आणि २०१९ ची सीडी कपाटात असेल तर ती तिथेच राहू द्या. त्या दोन्हींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

लॉगिनचा विषय. तुमच्या प्रश्नात लिहिलं नाही, पण मला खात्री आहे की केंद्रावरचे दोघं एकाच नावाने आत येतात, 'टॅली३' किंवा 'उदगीर' अशा. टॅलीपुरतं ते खपून जातं, कारण टॅलीचा स्वतःचा पासवर्ड वेगळा असतो. ऑफिसला खपत नाही. शेअर्ड ॲक्टिव्हेशनमध्ये चालू झाल्याची खूण, म्हणजे टोकन, त्या माणसाच्या विंडोज प्रोफाइलमध्ये ठेवली जाते. एका प्रोफाइलमध्ये दोघांनी आळीपाळीने साइन-इन केलं की एकाची मेल दुसऱ्याला दिसते, एकाचं खातं दुसऱ्याच्या वर्डमध्ये अडकतं, आणि मग कुणाचं लायसन्स संपलं हेच कळेनासं होतं. शिवाय विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये एका नावाला एकच सेशन असतं: दुसरा आत आला की पहिला बाहेर फेकला जातो, आणि त्याची उघडी एक्सेल फाईल दुसऱ्यापुढे येते. प्रत्येक माणसाला त्याचं स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड. 'ॲडमिनिस्ट्रेटर' हे कुणाचंही रोजचं लॉगिन असता कामा नये, मालकांचंही.

एवढं झालं की सेटअप. डाउनलोडच्या पानावरचं 'इन्स्टॉल ऑफिस' बटण दाबू नका. त्यातून साधं, एका माणसाचं ऑफिस बसतं. मायक्रोसॉफ्टचं 'ऑफिस डिप्लॉयमेंट टूल' उतरवा, ते फुकट आहे. त्याला कसं इन्स्टॉल करायचं हे सांगणारी एक एक्सएमएल फाईल लागते. ती हाताने लिहायची गरज नाही. 'ऑफिस कस्टमायझेशन टूल' नावाचं मायक्रोसॉफ्टचंच पान आहे, तिथे खुणा करत गेलं की फाईल तयार मिळते.

खुणा करताना ६४ बिट निवडा. एखादं जुनं ॲड-इन ३२ बिटाचंच असेल तरच ३२. दोन्ही एका यंत्रावर नांदत नाहीत, म्हणून सर्व्हरवर आधीची एखादी ट्रायल बसलेली असेल तर ती पूर्ण काढा. प्रॉडक्ट म्हणून तुमच्या प्रीमियमसाठी 'मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲप्स फॉर बिझनेस' घ्या, एंटरप्राइझ नको. नको असलेली ॲप्स तिथेच बंद करा: ॲक्सेस, पब्लिशर, जुनं स्काइप. टीम्स तर सर्व्हरवर नकोच. व्हिडिओ कॉल रिमोट खिडकीतून करणं म्हणजे सगळ्या सर्व्हरचा प्रोसेसर एकट्याने खाणं. कॉल ज्याने त्याने मोबाइलवर करावा. भाषांत इंग्रजी पहिली ठेवा आणि मराठी दुसरी जोडा, म्हणजे मराठी शुद्धलेखन तपासणीही येते. अपडेटसाठी 'मंथली एंटरप्राइझ चॅनल' बरा, महिन्याला ठरल्या दिवशी एकदा येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची खूण: लायसन्सिंगच्या भागात 'शेअर्ड कॉम्प्युटर' ऑन. हीच विसरली जाते. विसरलीच तर ऑफिस काढून पुन्हा टाकायची गरज नाही. रजिस्ट्रीत क्लिक-टू-रनच्या कॉन्फिगरेशनखाली 'शेअर्ड कॉम्प्युटर लायसन्सिंग' नावाची नोंद असते, तिची किंमत १ करा, आणि ज्यांनी आधीच साइन-इन केलं होतं त्यांना साइन-आउट करून परत आत घ्या.

फाईल तयार झाली की टूलला आधी 'डाउनलोड' आणि मग 'कॉन्फिगर' अशा दोन आज्ञा द्यायच्या. डाउनलोड रात्री लावा. काही जीबींचा मामला असतो आणि दिवसा तुमची लाइन त्यात गुंतली तर केंद्रांची कामं अडतील. इन्स्टॉल करताना सगळ्यांना लॉग-ऑफ करा. जुन्या जाणत्यांना 'चेंज युजर, इन्स्टॉल' ही आज्ञा आठवत असेल. टर्मिनल सर्व्हरला इन्स्टॉल मोडमध्ये टाकून मगच सॉफ्टवेअर बसवायचं, अशी पद्धत होती आणि काही जुन्या प्रोग्रॅमना ती अजून लागते. आजच्या ऑफिसला लागत नाही.

आता प्रत्येकाने आपापल्या लॉगिनने आत यावं, एक्सेल उघडावं, आपल्या ३६५ खात्याने साइन-इन करावं. हे काम फोनवरून करून घेण्यापेक्षा एका दुपारी सहाजणांना ओळीने बसवून करा. 'फाइल'मध्ये 'अकाउंट' उघडलं की प्रॉडक्टचं नाव आणि कुणाच्या खात्याचं आहे ते दिसतं. तिथे माणसाचं स्वतःचं नाव दिसायला हवं. या साइन-इनमुळे त्याच्या पाच संगणकांच्या मर्यादेतलं काही खर्च होत नाही. टोकन काही दिवसांनी आपोआप नवीन होतं, त्यासाठी सर्व्हरला इंटरनेट लागतं. सर्व्हरचं नेट बरेच दिवस बंद राहिलं तर फाईल वाचता आणि छापता येईल, बदलता येणार नाही. म्हणून सुरक्षेच्या नावाखाली सर्व्हरचं बाहेरचं नेट पूर्ण तोडून ठेवणाऱ्यांना हा रस्ता जमत नाही.

बाराजणांच्या एकाच सर्व्हरला प्रोफाइल कंटेनर, एफएसलॉजिक्स वगैरे, म्हणजे माणसाची सेटिंग कुठल्याही सर्व्हरवर त्याच्यासोबत नेणारं काही, लागत नाही. सर्व्हर दोन-तीन झाले आणि माणूस कधी या तर कधी त्या सर्व्हरवर उतरायला लागला, की त्याची गरज पडते. मेमरीचा माझा अंदाज माणशी दोन ते तीन जीबी: एक्सेल, आउटलुक, टॅली आणि ब्राउझरच्या चार टॅब. सगळे दोन जीबीत राहिले तर विंडोजचं स्वतःचं धरून ३२ जीबीत कसंबसं भागेल, ६४ असेल तर निवांत. डिस्क एसएसडीच हवी. सकाळी दहाला सगळे एकदम आत येतात तेव्हा जी रांग लागते ती बहुतेक डिस्कपाशीच असते. आउटलुकमध्ये मेल सर्व्हरवर उतरवून ठेवायची मुदत एक ते तीन महिने करा, नाहीतर प्रत्येकाची दहा-दहा वर्षांची मेल तुमच्याच डिस्कवर येऊन बसेल.

अपडेटची एक गंमत आहे. ऑफिसचं अपडेट उतरतं, पण सगळी ऑफिस ॲप्स बंद झाल्याशिवाय बसत नाही. सामायिक सर्व्हरवर कुणी ना कुणी एक्सेल उघडं ठेवून, खिडकी नुसती फुलीने बंद करून घरी गेलेलं असतंच. त्यामुळे महिनोन्‌महिने अपडेट दारातच उभं राहतं. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, सगळी सेशन लॉग-ऑफ करून सर्व्हर रीस्टार्ट होईल असं टास्क शेड्युलरमध्ये लावा.

पण तीच फुली आपल्याकडे उपयोगाचीही आहे. निलंग्याला लाइट गेली, राउटर बंद पडलं, तरी माणसाचं सेशन सर्व्हरवर जिवंत असतं. लाइट आली की तो परत येतो आणि अर्धवट भरलेली मालाची पट्टी जशीच्या तशी समोर असते. म्हणून तुटलेलं सेशन संपवण्याची मुदत पंधरा-वीस मिनिटांची ठेवू नका. शहरातल्या पुस्तकी सेटिंगमध्ये तशी असते. मी तीन-चार तास ठेवतो. अर्थात लातूरच्या सर्व्हरला स्वतःला चांगला यूपीएस आहे, असं गृहीत धरून.

मराठी टायपिंगवर दोन शब्द जास्त. रिमोट डेस्कटॉप माणसाच्या संगणकावरचा कीबोर्ड लेआउट सर्व्हरवर घेऊन येतो, त्यामुळे एखाद्याच्या सेशनमध्ये इन्स्क्रिप्ट दिसतं आणि दुसऱ्याच्या दिसत नाही. सर्व्हरवर मराठी इन्स्क्रिप्ट सगळ्यांसाठी जोडून टाका. स्वतःच्या संगणकावर बसवलेलं फोनेटिक टायपिंगचं सॉफ्टवेअर रिमोट खिडकीच्या आत बहुधा चालत नाही. लागत असेल तर ते सर्व्हरवर हवं. जुनी पत्रं श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फाँटात असतील तर फाँट बसवताना राइट-क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा. नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं तर तो फाँट फक्त बसवणाऱ्याच्या लॉगिनला मिळतो, आणि बाकीच्यांना बाजार समितीला पाठवलेल्या जुन्या पत्राऐवजी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते.

टॅलीतून थेट एक्सेलमध्ये आकडे ओढत असाल तर हा परिच्छेद सावकाश वाचा. टॅली बाहेरच्या प्रोग्रॅमशी बोलण्यासाठी ९००० नंबरचं पोर्ट, म्हणजे संगणकातलं ठरलेलं दार, वापरतं. एका संगणकावर एक टॅली असेल तेव्हा ठीक. सामायिक सर्व्हरवर एकाच वेळी पाच-सहा टॅली उघडे असतात, आणि पोर्ट मात्र सगळ्या सर्व्हरचं मिळून एकच. जो सकाळी पहिला उघडेल त्याच्या टॅलीला ते पोर्ट मिळतं. मग हिशोबातला माणूस आपल्या एक्सेलमध्ये रिफ्रेश दाबतो, आणि त्याला आकडे मिळतात ते पलीकडच्याने उघडलेल्या कंपनीचे. मिलचे देणेकरी बघायला गेला आणि मालकांच्या दुसऱ्या फर्मची यादी आली, असं होतं. एरर काहीच येत नाही, म्हणून हे जास्त वाईट. ज्या दोघा-तिघांना ही जोडणी खरोखर लागते त्यांच्यासाठी टॅलीचं वेगळं फोल्डर करा, कनेक्टिव्हिटीच्या सेटिंगमध्ये प्रत्येकाला वेगळं पोर्ट द्या, ९००१, ९००२ असं, आणि त्यांच्या एक्सेलमधली जोडणी त्या त्या पोर्टच्या नावाची करा. बाकीच्यांच्या टॅलीत ती सोय बंदच ठेवा. रोजच्या कामाला टॅलीतून एक्सपोर्ट करून फाईल घेणं पुरतं.

सुरक्षेचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आता त्याच सर्व्हरवर मेलही येणार आहे. राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट थेट उघडून ठेवलं असेल तर ते आज बंद करा. नंबर बदलून ३३९० केला म्हणजे सुरक्षित झालं, हा समज सोडा. पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम सगळेच नंबर चाचपतात. केंद्रांसाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी वाट, लावा, बहुतेक चांगल्या राउटरमध्ये ती सोय असते, किंवा रिमोट डेस्कटॉप गेटवे उभा करा. चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा घातला की खातं बंद पडेल असं ठेवा. ३६५ च्या खात्यांना मोबाइलवरची दुसरी पडताळणी चालू करा. आणि टॅलीच्या डेटाची एक प्रत अशा डिस्कवर, जी काम झालं की वायर काढून कपाटात जाते. रॅन्समवेअर, म्हणजे फाईलींना कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, सर्व्हरला जोडलेल्या सगळ्या डिस्कवरून फिरतं, बॅकअपवरूनही.

राहिला प्रिंटर. ए४ लेझर असेल तर 'ईझी प्रिंट' या रिमोट डेस्कटॉपच्याच सोयीने माणसाच्या टेबलावरचा प्रिंटर सेशनमध्ये आपोआप येतो, ड्रायव्हरची कटकट नाही. काटापट्टी (वजनाची पावती) छापणारे डॉट मॅट्रिक्स मात्र त्यावर रडतात: सगळं चित्र म्हणून जातं, एकेक ओळ खरडत येते, आणि दारात ट्रॅक्टरांची रांग लागते. त्यांच्यासाठी सर्व्हरवर त्या प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर बसवा, ग्रुप पॉलिसीत ईझी प्रिंट आधी वापरण्याची सेटिंग बंद करा, आणि टॅलीत डॉट मॅट्रिक्सचा छपाई प्रकार निवडा.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी रिमोट डेस्कटॉपच्या कॅल, मग डोमेन आणि बाराजणांची स्वतंत्र लॉगिनं, मग महिन्याच्या वर्गणीवर दोनच प्रीमियम घेऊन हिशोबातल्या दोघांवर चाचणी. वर्षभराची वर्गणी एकदम भरू नका. ते दोघं पंधरा दिवस विनातक्रार चालले की उरलेले चार प्रीमियम आणि केंद्रांचे सहा बेसिक.